मोजायची राहिलेली सहावी

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. गेली तीसेक वर्षे मी खुनाच्या गोष्टी वाचते आहे आणि त्याही उघडपणे. शिबिराला निघताना पत्रकांच्या गठ्ठ्याखाली अ‍ॅगाथा ख्रिस्तीचे एखादे पुस्तक असतेच. मोर्चाच्या आदल्या रात्री झोप येईनाशी झाली की मी तेच उघडते. लांबलचक कादंबऱ्यांपेक्षा मला तिच्या छोट्या गोष्टी आवडतात. लोकलच्या एका प्रवासात एक पुरी होते.

यावरून मी आपल्याच लोकांकडून पुष्कळ ऐकून घेतले आहे. "इथे बायका जळताहेत आणि तू करमणुकीसाठी खून वाचतेस?" असे एका जुन्या सहकाऱ्याने मला भर बैठकीत विचारले होते. दुसरी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, ते विलायतेतलं खेडं, त्या म्हाताऱ्या, ते चहाचे कप. त्यात आपलं काय आहे?" आमच्या लहानपणी भाऊ बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि धनंजय वाचायचा, तेव्हा कोणी त्याला हिशेब मागितला नाही. बाईने वाचले, त्यातून चळवळीतल्या बाईने वाचले, की मात्र लगेच हिशेब!

त्या वेळी मी हसून विषय बदलला. आज उत्तर देणार आहे. कोणाचे बोलणे पुरावा म्हणून धरायचे आणि कोणाचे 'बायकांच्या गप्पा' म्हणून झटकून टाकायचे, हा आपल्या चळवळीचा रोजचा प्रश्न आहे. पोलीस ठाण्यात, रुग्णालयात, कोर्टात आपण रोज त्याला धडकतो. हाच प्रश्न या करमणुकीच्या गोष्टींच्या पोटात आहे, असे माझे म्हणणे आहे. ते सांगायचे तर दोन-तीन गोष्टींचे शेवट फोडावे लागतील. त्याबद्दल आधीच माफी मागते.

१९३२ साली 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' हा तेरा गोष्टींचा संग्रह निघाला. त्यातली पहिली गोष्ट १९२७ च्या डिसेंबरात एका इंग्रजी मासिकात आली होती. मिस मार्पल ही म्हातारी वाचकांना पहिल्यांदा भेटली ती तिथे. सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात तिच्या घरी पाहुणे जमले आहेत. लेखक असलेला तिचा भाचा, एक चित्रकार तरुणी, एक धर्मगुरू, एक वकील आणि स्कॉटलंड यार्डचे निवृत्त प्रमुख सर हेन्री. दर मंगळवारी एकाने आपल्याला ठाऊक असलेले एखादे गूढ सांगायचे आणि बाकीच्यांनी उत्तर शोधायचे, असा बेत ठरतो. चित्रकार तरुणी माणसे मोजते. पाच भरतात. खरे तर सहा हवे होते, असे ती म्हणते. तेव्हा कोपऱ्यात विणत बसलेली म्हातारी हळूच सांगते की मला धरायचे राहिले.

घर तिचे, चहा तिचा, आणि मोजणीत ती नाही. मोजणारीही बाईच आहे, हे विसरू नका.

पहिले गूढ सर हेन्री सांगतात. नवरा, बायको आणि बायकोच्या सोबतीला ठेवलेली एक बाई, असे तिघेजण रात्री जेवतात. डबाबंद शेवंडे आणि वर गोड म्हणून ट्रायफल, म्हणजे केक, फळे, कस्टर्ड यांचे थर लावून केलेला पदार्थ. रात्री तिघांनाही त्रास होतो, बायको मरते. शिळ्या डब्याने विषबाधा झाली, असे सगळे धरून चालतात. पुढे नवऱ्याने लिहिलेल्या एका पत्राचे ठसे टिपकागदावर सापडतात. त्यात बायको मेल्यावर असे काहीसे आणि 'शेकडो नि हजारो' असे शब्द दिसतात. प्रेत उकरून तपासले जाते, तेव्हा सोमल निघतो. पण तिघांनी तेच अन्न खाल्ले, मग विष एकटीच्याच पोटात गेले कसे?

जमलेली शहाणी मंडळी 'शेकडो नि हजारो' म्हणजे पैसे, असे धरतात. मिस मार्पल धरत नाही. इंग्लंडमध्ये गोड पदार्थांवर भुरभुरवतात त्या रंगीत साखरेच्या बारीक गोळ्यांनाच तिकडच्या बायका 'शेकडो नि हजारो' म्हणतात. ट्रायफलवर त्या असणारच. सोबतीची बाई बारीक होण्यासाठी गोड खात नव्हती. नवऱ्याने वरच्या गोळ्या बाजूला सारल्या. बायकोने खाल्ल्या. गोळ्यांत विष नवऱ्याने मिसळले आणि ताटात ते पोहोचवले मोलकरणीने.

सर हेन्रींना उत्तर ठाऊक असते, पण ते तपासातून मिळालेले नसते. मोलकरणीने मरताना कबुली दिली, म्हणून ते कळले. एवढे मोठे स्कॉटलंड यार्ड, पण त्यातल्या एकालाही पदार्थावर काय भुरभुरवतात ते माहीत नव्हते.

आता मी माझ्या वस्तीत येते. ही गोष्ट मी पहिल्यांदा कधी वाचली, ते सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही.

१९९४ साली आमच्या वस्तीतली एक मुलगी भाजली. तिला मुलगीच म्हणते, कारण वय एकवीस होते. नाव सांगत नाही. लग्नाला तीन वर्षे, पदरात एक बाळ. दोन रात्री ती जगली. त्या दोन रात्री मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढल्या. तिने मृत्युपूर्व जबाबात स्टोव्हचा भडका उडाला असे सांगितले. जबाब घेताना पलंगाच्या पायथ्याशी कोण उभे होते आणि बाळ कोणाच्या ताब्यात होते, हे जबाबाच्या कागदावर लिहिलेले नसते.

तिच्या शेजारच्या मावशी मला म्हणाल्या, "बाई, स्टोव्हचा भडका उडेल कसा? त्या स्टोव्हचा वायसर आठ दिवसांपूर्वीच गेला होता. पंप हवाच धरत नव्हता. नवरा दुरुस्तीला पैसे देईना. संध्याकाळी पीठ मळून पोरगी माझ्याकडे यायची, माझ्या चुलीवर भाकऱ्या टाकून न्यायची."

हेच मावशी हवालदाराला सांगायला गेल्या. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या भाकऱ्यांचं नंतर बघू." पंचनाम्याला पंच म्हणून कोण होते? कोपऱ्यावरचा पानटपरीवाला आणि घरमालकाचा भाचा. दोघांनी त्या घराचा उंबरठा पूर्वी कधी ओलांडला नव्हता. स्टोव्ह पडलेला दिसला, तो त्यांनी लिहून दिला. त्या स्टोव्हवर शेवटचे काय शिजले, कधी शिजले, हे विचारायचे असते हेच त्यांना सुचले नाही. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली आणि कागद बंद झाला.

तेव्हा माझ्या पिशवीत फूटपाथवर घेतलेले हे पुस्तक पडून होते. पंधरा दिवसांनी एका रात्री ते उघडले आणि पहिल्याच पानांवर ती विणत बसलेली म्हातारी भेटली. मला धरायचे राहिले, असे म्हणणारी. मी पुस्तक मिटले. मला एकदम मावशी दिसल्या.

हवालदाराला नावे ठेवणे सोपे आहे. पण मी काय केले होते? मावशींचे बोलणे मी ऐकले, मान डोलावली, डोळे पुसले. लिहून घेतले नाही. तारीख टाकली नाही, अंगठा घेतला नाही. भाषणात वापरायला म्हणून मी ते लक्षात ठेवले. सहा महिन्यांनी एका वकीलबाईंनी विचारले, तेव्हा मावशी गावी निघून गेल्या होत्या आणि माझ्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता. म्हणजे मीसुद्धा त्या बोलण्याला गप्पाच समजले होते.

ख्रिस्तीच्या गोष्टी करमणूक म्हणून हिणवणाऱ्यांना मी हे सांगू इच्छिते. बाईचे घरातले ज्ञान हे ज्ञानच असते, हे मला कुठल्या अभ्यासवर्गात कळले नव्हते. तिथे आम्ही घरकामाचे मूल्य, दुय्यम स्थान, शोषण असे सगळे शब्द शिकलो. पण घरकाम करणारी बाई साक्षीदार असते आणि घराची सगळ्यांत बारकाईने तपासणी तीच करत असते, हे मला या म्हातारीने शिकवले. कोणत्या घरात तेल संपले, कोणाची सून दोन दिवस नळावर आली नाही, कोणाच्या दोरीवर डाग पडलेली चादर वाळत होती, हे सगळे वस्तीतल्या बायकांना ठाऊक असते. पुरुषाने हेच केले की त्याला निरीक्षण म्हणतात. बाईने केले की चोंबडेपणा!

या संग्रहातल्या 'अ ख्रिसमस ट्रॅजेडी' या गोष्टीत मिस मार्पल स्वतःच गप्पांची बाजू घेते. लोक ज्याला कुचाळकी म्हणतात, ती तपासून पाहिली तर दहातल्या नऊ वेळा खरी निघते आणि म्हणूनच लोकांना तिचा राग येतो, असे ती म्हणते. त्याच गोष्टीत ती एक जोडपे पाहते. हा माणूस आपल्या बायकोला मारणार, हे तिला पाहताक्षणी कळते. पण हातात पुरावा नाही. आणि ती बाई मरते. पुढे म्हातारी गूढ सोडवते, खुनी फासावर जातो. पण बाई गेलेलीच असते. मला ही गोष्ट सगळ्यांत अस्वस्थ करते. आपल्या केंद्रात आलेल्या किती बायकांच्या बाबतीत आपल्याला असेच आधी कळले होते, आठवून पाहा.

१९८२ साली पुण्यात एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला. लग्नाला चार महिने झाले होते. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे कोर्टात आली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष सुटका केली. बाई फार संवेदनशील होती, निराशेतून तिने जीव दिला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाला त्या पत्रांतूनही दिसले. नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगावी नेले, ते आपल्यातल्या अनेकींनी पाहिले असेल. निकाल बरोबर की चूक, यावर मी इथे बोलत नाही. फाशीच्या खटल्यात पुराव्याचा नियम कडकच हवा. मी एवढेच विचारते, की ती लिहीत होती, जिवंत होती, तेव्हा त्या पत्रांचे वजन कोणाला वाटले? बाईच्या शब्दाला किंमत येण्यासाठी आधी ती बाई मरावी लागते का?

कायदे आपण मिळवले. १९८३ साली ४९८अ आले, १९८६ साली हुंडाबळीचे ३०४ब आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा ८५, ८६ आणि ८० या कलमांनी घेतली. आकडे बदलले, अट तीच राहिली. लग्नानंतर सात वर्षांच्या आत मृत्यू, आणि मृत्यूच्या नजीकच्या काळात हुंड्यासाठी छळ झाल्याचे दाखवायचे. हा नजीकचा काळ कोणाला ठाऊक असतो? बहिणीला, नळावरच्या शेजारणीला, भाजीवालीला, धुणेवालीला. कायद्याने दार उघडले आहे, पण त्या दारातून आत न्यायची साक्षीदार कोणी मोजतच नाही. २०२२ या एका वर्षात देशात सहा हजारांहून अधिक हुंडाबळी नोंदले गेले. ही नोंद झालेल्यांची संख्या. 'अकस्मात' म्हणून मिटवलेल्या आमच्या त्या मुलीसारख्या यात नाहीत.

आता माझ्या टीकाकार मैत्रिणी म्हणतील, गप्पांचे एवढे गुणगान कशाला? याच गप्पांनी बायकांना आयुष्यातून उठवले नाही का? उठवले आहे. हे ख्रिस्तीलाही ठाऊक होते. याच संग्रहातल्या 'द थम्ब मार्क ऑफ सेंट पीटर' मध्ये मिस मार्पलच्या भाचीचा नवरा मरतो आणि हिनेच विष घातले, अशी कुजबुज गावभर होते. लोक तिला टाळू लागतात. ती निर्दोष असते. म्हातारी त्या कुजबुजीला घाबरत नाही आणि तिच्यावर विश्वासही ठेवत नाही. ती तपासते. मरताना तो काय पुटपुटला, त्याला काय दिले होते, घरात आणखी कोण होते, हे बसून एकेक विचारते. माझा सगळा मुद्दा यात आला. बायकांचे बोलणे देव्हाऱ्यात बसवा, असे मी म्हणत नाही. पोलीस पुरुषाचे बोलणे जसे गंभीरपणे तपासतात, तसेच ते तपासा. न तपासता फेकून देऊ नका.

आणि बायका सगळ्या गरीब गाय असतात, असेही ख्रिस्ती सांगत नाही. शेवटच्या गोष्टीत एक तरुण गरोदर मुलगी नदीत बुडून मरते. गावाला वाटते, जीव दिला. म्हातारी सर हेन्रींकडे येते आणि खुन्याचे नाव कागदावर लिहून त्यांच्या हाती देते, कारण आपण पुराव्याशिवाय बोललो तर पोलीस ऐकणार नाहीत हे तिला पक्के ठाऊक असते. नाव निघते ते एका बाईचे. तिची चूक पकडली जाते ती धुण्याच्या फेरीवरून. ती संध्याकाळी घरीच होते म्हणते, पण त्या वारी ती धुतलेले कपडे बाबागाडीत घालून घरोघर पोहोचवत असते. धुण्याचा वार कोणता, हे कोणत्या इन्स्पेक्टरला ठाऊक असणार?

पण माझ्या आवडत्या लेखिकेशी माझे भांडणही आहे, आणि ते मला वस्तीतल्या बायकांनी शिकवले. काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी ती पहिली गोष्ट मराठीत सांगितली. उत्तराच्या आधी थांबले आणि म्हटले, आता तुम्ही सांगा. मला वाटले, विलायतेतले जेवण, यांना काय कळणार! दोन मिनिटांत प्रश्न सुरू झाले. "स्वयंपाक कोणी केला?" "वाढलं कोणी?" "कोणी काय खाल्लं नाही?" "गोडावर वरून काय घातलं होतं?" सर हेन्रींच्या तोंडात मारतील असे प्रश्न! पाहता पाहता उत्तर निघाले.

मग मागे बसलेल्या एकीने विचारले. ती चार घरची धुणीभांडी करते. "ताई, त्या कामवालीचं पुढं काय झालं?"

मी सांगितले. नवऱ्याने तिला दिवस घालवले होते, बायको मेल्यावर लग्न करीन असे वचन दिले होते. खून तिच्या हातून करवला आणि तिला सोडून दुसरी केली. तिचे मूल जन्मताच गेले. शेवटी तीही मेली.

"आणि हे किती पानांत लिहिलंय?" तिने विचारले.

मी गप्प झाले. कारण ते पानभरही नाही. शेवटी चार-पाच वाक्यांत उरकलेले आहे. गूढ सुटले, टाळ्या झाल्या, म्हातारीचे कौतुक झाले. मालकिणीचा खून हे कोडे ठरले आणि मोलकरणीचे मरण ही तळटीप. मिस मार्पलला मोजायचे राहिले, तशीच मिस मार्पलच्या घरात ग्लॅडिस मोजायची राहिली. ख्रिस्ती विषे नीट ओळखायची. पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषध विभागात तिने काम केले होते. पण घरच्या मालकाला मोलकरीण नकार देऊ शकत नाही, या विषाचे तिने पृथक्करण केले नाही. खुनी सापडला की तिच्या गोष्टीतले गाव पुन्हा पहिल्यासारखे होते. आपल्याला मात्र गाव पहिल्यासारखे व्हायला नको आहे.

म्हणून तिचे पुस्तक मी टाकून देत नाही. तिने जिथे वही मिटली, तिथून पुढे लिहायचे काम आपले आहे, एवढेच मला वाटते.

काय करायचे, ते साधे आहे. प्रत्येक गटात एक वही ठेवा. कोणतीही बाई, "अमकीच्या घरात काही बरं चाललेलं नाही" म्हणाली, की तारीख, वेळ आणि तिचेच शब्द लिहा. आपले शब्द घालू नका. वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या. ऐकीव काय आणि डोळ्यांनी पाहिलेले काय, ते वेगळे लिहा. वही कुलपात ठेवा, नाहीतर तीच त्या बाईच्या जिवावर उठेल. मृत्यू झालाच, तर पंचनाम्याच्या वेळी शेजारणींचे जबाब घ्या, पंचांत बाई घ्या, असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच मागा. आणि मुख्य म्हणजे, कोणी मरायची वाट पाहू नका. वहीत एकाच घराबद्दल तीन नोंदी झाल्या की त्या घराचे दार वाजवा.

मावशींचा वायसर माझ्या वहीत आज आहे. फार उशिरा, आठवणीतून लिहिलेला. कोर्टात त्याची किंमत शून्य. तरी पहिल्या पानावर मी तोच लिहिला आहे. नव्या कार्यकर्तीच्या हातात वही देते, तेव्हा ते पान आधी वाचायला लावते.

आणि पुढच्या बैठकीत एखादी खुनाची गोष्ट अर्ध्यावर थांबवून सांगून पाहा. कोण काय विचारते, ते नीट ऐका. मोजताना मागच्या रांगेपासून सुरुवात करा.